आता कोच कोण?



लीग संपली नि उन्हाळा लागला की आमच्या बेरशेव्यात दोन धंदे जोरात चालतात. एक एअरकंडिशनर दुरुस्तीचा आणि दुसरा हापोएलचा पुढचा कोच ठरवण्याचा. पहिल्यासाठी माणूस बोलावून चार-चार दिवस वाट बघावी लागते. दुसऱ्यासाठी माणसं कधीही हजर, आणि पैसेही घेत नाहीत.

आम्ही म्हणजे कोण ते नवीन वाचकांसाठी सांगतो. शुक्रवारी सकाळी शब्बातचा बाजार उरकला की एका ठराविक बाकावर बसणारे आम्ही पाच-सहा निवृत्त गडी. थर्मासमध्ये घरून आणलेला आल्याचा चहा आणि पुडीत सूर्यफुलाच्या बिया. एक जण डिमोन्याहून बस पकडून येतो, त्याला आम्ही डिमोनाकर म्हणतो. आपल्या लोकांची आडनावं पेण, रोहा, नागाव अशा गावांवरून पडली, मग डिमोन्यावरून का पडू नये? दुसरे एक जण कडक शब्बात पाळणारे. शनिवारच्या मॅचचा निकाल त्यांना मोत्साए शब्बातलाच कळतो, पण कोचबद्दलचं मत मात्र शुक्रवारीच तयार असतं!

तर कोचच्या प्रश्नावर आमच्या बाकावर तीन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, मोठं नाव आणा, जमलं तर परदेशातलं. दुसरा म्हणतो, घरचा मुलगा आणा, ज्याला ह्या गावाची धूळ माहीत आहे. तिसरा म्हणतो, आहे तोच ठेवा. ह्या तिसऱ्या पक्षात आजवर एकच सभासद आहे, डिमोनाकर. त्याचं ठरलेलं वाक्य म्हणजे "सावलानुत, बाबांनो!" धीर धरा. विमानातून उतरल्यापासून कचेरीच्या प्रत्येक खिडकीवर जो शब्द आम्ही ऐकला, तोच हा. म्हणून त्याने तो उच्चारला की बाकी सगळे आधी चिडतात.

खरं तर कोच हा प्रकारच आम्हाला नवा. मुंबईला कूपरेजवर रोव्हर्स कपच्या मॅचेस बघितल्या होत्या, पण वाद घालायचा तो क्रिकेटवर, आणि क्रिकेटात कोच कुणाला ठाऊक होता? वाद कप्तानाचा. 1971 मध्ये पतौडीला बाजूला करून विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने वाडेकर कप्तान झाले, तेव्हा आमच्या चाळीत दोन भाऊ आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. त्याच वर्षी वाडेकरांनी वेस्ट इंडिज आणि इंग्लंड दोन्ही ठिकाणी मालिका जिंकल्या. मग 1974 मध्ये लॉर्ड्सवर आपण 42 धावांत गारद झालो, मालिका 3-0 ने गेली, आणि तेच वाडेकर कप्तानी तर सोडाच, पश्चिम विभागाच्या संघातूनही बाहेर पडले. तीन वर्षांत हार गेले नि शिव्या आल्या. हे सगळं डोळ्यांदेखत बघून आम्ही इथं आलो. म्हणजे शहाणपण शिकून आलो असं वाटेल. छे!

2015 ची गोष्ट घ्या. त्या मे महिन्यात स्टेट कपच्या फायनलमध्ये मक्काबी तेल अवीवने आम्हाला 6-2 ने धुतलं. कोच होते एलिशा लेवी. त्यांच्याच हाताखाली 2014 मध्ये संघ लीगमध्ये दुसरा आला होता, पण सहा गोल खाल्ल्यावर दुसऱ्या नंबराची आठवण कुणाला राहते? बाकावर एकमत झालं की ह्यांना पाठवा. डिमोनाकर एकटा म्हणत होता, ठेवा. आम्ही त्याला चहा दिला नाही.

मग बातमी आली की बराक बाखर येतोय. पस्तिशीतला मुलगा, किर्यात श्मोनाहून. तिथं 2014 चा स्टेट कप जिंकला होता हे खरं, पण आमचं मत असं पडलं की गाव लहान, क्लब लहान, तिथं दडपण ते किती. इथं वसेर्मिलच्या कट्ट्यावर वाढलेले लोक आहेत, पोराला आठ दिवसांत रडवतील. एकाने तर पैज लावली की हनुक्कापर्यंत हा घरी जाईल. (पैज हरल्यावर त्याने द्यायची ती बिर्याणी अजून दिलेली नाही. नोंद असावी.)

पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, तरी लिहिताना हात थांबत नाही. त्याच वर्षी क्लब वसेर्मिल सोडून नव्या टर्नर स्टेडियममध्ये गेला. 21 मे 2016 ला शेवटच्या मॅचमध्ये बनेई साखनीनला 3-1 ने हरवून हापोएल अजिंक्य झालं. 1976 नंतर पहिल्यांदा, चाळीस वर्षांनी! आमच्यातल्या एकाने 1976 ला रस्त्यावर नाच केला होता, त्याने 2016 ला खुर्चीत बसून केला. मग 2017 आणि 2018 लाही तेच. लागोपाठ तीन.

आणि मध्ये ते इंटर मिलान. सप्टेंबर 2016 मध्ये सान सीरोवर जाऊन 2-0. नोव्हेंबरमध्ये ते टर्नरवर आले, पंचवीस मिनिटांत 2-0 ने पुढे, आम्ही बिया चघळायच्या थांबलो. उत्तरार्धात एक, मग पेनल्टीवर दुसरा, आणि भरपाईच्या वेळेत बेन सहारने तिसरा. 3-2. त्या रात्री घरी कसे पोचलो ते सांगता येणार नाही.

पण आज वेगळीच गोष्ट आठवते. ह्या दोन मॅचेसच्या मध्ये इंटरने कोच बदलला होता. पहिल्या मॅचला फ्रँक दे बूर, त्यांना ऑगस्टमध्ये आणलेलं, नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला काढलेलं. तीन महिनेही पुरे नाहीत. दुसऱ्या मॅचला स्टेफानो पिओली. केवढा मोठा क्लब, केवढे पैसे, कोच बदलला तरी हरले आमच्याकडूनच. डिमोनाकर त्या वेळी काही बोलला नाही. फक्त चहाचा कप पुढे केला, भरा म्हणून.

तोही बरोबर होता असं नव्हे. त्याचं ऐकलं असतं तर एलिशा लेवी राहिले असते आणि बाखर आलाच नसता. आम्ही म्हणत होतो ते मोठं नावही आलं नाही. म्हणजे बाकावरच्या तिन्ही पक्षांपैकी कुणाच्याही यादीत जो नव्हता, तोच आला. यादी होती मालकीणबाईंकडे. अलोना बरकत यांनी 2007 मध्ये क्लब घेतला तेव्हा तो दुसऱ्या लीगमध्ये होता. ह्या देशात व्यावसायिक फुटबॉल क्लब विकत घेणाऱ्या त्या पहिल्या बाई. तेव्हाही आम्ही म्हटलं होतं, बाईला फुटबॉल काय कळणार. त्यांनीही सुरुवातीला बरेच कोच बदलले. पण 2019 मध्ये अजिंक्यपद हुकलं तेव्हा मात्र बाखरला हात लावला नाही. आम्ही असतो तर लावला असता.

2020 च्या उन्हाळ्यात तो मक्काबी हैफाला गेला. हैफावाल्यांना 2011 पासून लीग मिळाली नव्हती. ह्याने तिथंही लागोपाठ तीन दिल्या, 2021, 2022, 2023. वर 2022 च्या ऑक्टोबरमध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये युव्हेंटसला 2-0 ने हरवलं. दर वेळी टीव्हीवर त्याचा चेहरा दिसला की घरात कुणीतरी म्हणायचंच, "हा आपला होता ना?"

त्यामुळे मग "घरचा मुलगा" पक्षाची चलती झाली. एल्यानिव बर्दा. ह्या गावचा, बेल्जियममध्ये गेंककडून खेळून 2011 ची लीग जिंकलेला, 2013 मध्ये परत आलेला, बाखरच्या संघाचा कप्तान. 2022 मध्ये हंगामाच्या मध्येच कोचची जागा रिकामी झाली आणि ती त्याला मिळाली. काही आठवड्यांत स्टेट कपची फायनल. समोर कोण? मक्काबी हैफा, आणि त्यांच्या बाकावर बराक बाखर! गुरू-शिष्य समोरासमोर. पेनल्टींवर शिष्याने कप जिंकला.

त्या रात्री सगळे खूश, डिमोनाकर एकटा गप्प. म्हणाला, "आता ह्यालाही शिव्या घालणार तुम्ही. गोल मारणारा बर्दा तुमच्याकडे जपून ठेवलेला होता. आता तो खर्ची पडणार." आम्ही म्हटलं, काय अभद्र बोलतोस. पण 2023 ची लीग पुन्हा हैफानेच नेली, आपण पुन्हा दुसरे, आणि पुढच्या हंगामात ज्या मैदानात त्याचं नाव घेऊन गाणी म्हटली, तिथंच आम्ही शिट्ट्या ऐकल्या. ऐकल्या म्हणतो, पण त्यातली एक आमचीही होती. खोटं कशाला लिहायचं?

बर्दा गेला. मग रान कोझुकच्या हाताखाली 2025 चा स्टेट कप आला, बेतारला 2-0 ने हरवून. त्याच आठवड्यात बाकावर कुणीतरी म्हणालं, "कप ठीक आहे हो, पण लीग कुठंय?"

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

आमचा एक भाचा आहे. तो बारा वर्षांच्या मुलांना फुटबॉल शिकवायचा, दक्षिणेतल्याच एका क्लबात. नोकरी सांभाळून, संध्याकाळी. मुलं एका हंगामात सलग पाच मॅचेस हरली. पालकांनी आपापसात ठरवलं आणि गुरुवारी रात्री त्याला फोनवर चार ओळींचा निरोप आला. रविवारपासून यायचं नाही. मुलांना भेटून निरोपही घेता आला नाही.

इथवर वाचकांना वाईट वाटेल. पण त्याच्या तीन आठवडे आधी, शुक्रवारी रात्री बहिणीच्या घरी जेवताना, तो समोर बसलेला असताना आम्हीच म्हटलं होतं, "बाळा, तू फार मऊ आहेस. पोरांना कडक माणूस लागतो." सहज म्हटलं. बाकावर म्हणतो तसंच. त्याने भात वाढून घेतला, काही बोलला नाही. त्यानंतर कित्येक महिने तो शुक्रवारी जेवायला येईना. बहीण म्हणायची, कामात आहे. आम्हीही तसंच धरून चाललो.

मागच्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी तो डबा द्यायला बाकापाशी आला. आमचा कोच ठरवण्याचा कार्यक्रम रंगात होता. तो थोडा वेळ उभा राहिला, मग म्हणाला, "मामा, तुम्ही स्टेडियममध्ये ओरडता ते कोचला ऐकू येतं का?"

आम्ही म्हटलं, "एवढ्या गर्दीत काय ऐकू येणार?"

"गर्दीचं नाही येत. एकट्याचं येतं. खेळ थांबलेला असतो, कुणीतरी पडलेला असतो, आणि मागून एकच माणूस बोलतो. ते येतं. घरी गेल्यावरही येतं."

कुणी बोललं नाही. शब्बातवाल्यांनी घसा साफ केला. आम्हाला त्या भाताच्या रात्रीबद्दल बोलायचं होतं, पण पाच जणांसमोर जमेना, तर नुसतं सरकून त्याला बाकावर जागा केली. तो बसला.

मग डिमोनाकरनेच सुटका केली. म्हणाला, "मग तू सांग. तू शिकलेला आहेस. कोण आणायचा?"

भाच्याने नाव सांगितलं नाही. विचारलं, "खेळाडू कोण निवडणार, कोच की मालक? मे महिन्यात 36 मॅचेस संपतात आणि जुलैमध्ये युरोपच्या पात्रता फेऱ्या सुरू होतात. म्हणजे कोचला हातात किती आठवडे मिळणार? तुम्ही जून संपेपर्यंत वाद घालणार, तर नवीन माणूस सरावाला कधी उभा राहणार? आणि गोलकीपर कोण आहे?"

गोलकीपर! इतकी वर्षं आम्ही कोच निवडतोय, पण त्याच्या हातात कोण देणार ह्याचा विचार बाकावर कुणी केला नव्हता. शब्बातवाले म्हणाले, गोलकीपर परदेशी हवा. डिमोनाकर म्हणाला, आहे तोच ठेवा. झालं, पुन्हा तीन पक्ष. चहा संपला, डिमोन्याची साडेबाराची बस डोळ्यांसमोरून गेली, आणि शब्बातच्या आत डिमोनाकरला घरी सोडायला भाच्यालाच गाडी काढावी लागली. आम्हीही मागच्या सीटवर बसलो, जाताना. येताना पुढच्या.