भूकंपाने पातळ केलेल्या भिंती

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी-सास्तूर परिसर हादरला, तेव्हा माणसं गेली ती स्वतःच्याच घराखाली. दोन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, लाकडी खांबांवर तोललेलं माळवद आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. माळवद गळायला लागलं की आणखी चार टोपल्या माती टाकायची, ही पिढ्यांची रीत. ते सगळं ओझं झोपलेल्यांवर आलं. पुढे कित्येक वर्षं आमच्या भागात दगडी घर म्हटलं की अंगावर काटा यायचा.

जागतिक बँकेच्या मदतीने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं नव्या जागी वसली. जमीन किती त्यावर घर ठरलं: २५०, ४०० नाहीतर ७५० चौरस फूट. भिंती पातळ, वर स्लॅब. भूकंपाला ही घरं पुरून उरतील, यात शंका नाही. त्या मातीचं दुसरं काम मात्र हिशेबात कुणी धरलं नाही. वैशाखात बाहेर रस्ता भाजत असताना माळवदाखाली दुपारची झोप लागायची, कारण ऊन मातीतून आत पोचेपर्यंत रात्र झालेली असायची. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अंथरूण पडलं की खाली धग सोडायला लागतो. पुनर्वसित गावांत घराला टेकून पत्र्याची शेडं दिसतात, ती हौसेची नाहीत. पत्रा तापतो, पण बाजूने उघडं असलं की निदान वारा लागतो.

नवं गाव मिळालेल्यांपेक्षा कितीतरी जास्त, दोन लाखांच्या आसपास घरांना तेव्हा दुरुस्ती आणि मजबुतीसाठी मदत होती. माळवदावरची माती कमी करा, खांब-तुळयांना तिरके टेकू द्या, भिंतीत आरपार दगड बसवा, असं इंजिनिअर सांगत होते. पुष्कळांनी त्या पैशात जुन्या घराशेजारी सिमेंटची एक खोली उभी केली. मला त्यांना दोष देता येत नाही. ज्या भिंतीने घरातलं माणूस नेलं, तीच नीट करून तिच्या कडेला लेकरं झोपव, असं कोणत्या तोंडाने सांगणार?

नांदेडची कथा वेगळी, ऊन तेच. गोदाकाठचं हे शहर लातूरच्या पठाराहून सखल, त्यामुळे उन्हाळ्यात काकणभर जास्तच तापतं. गुरु-ता-गद्दीच्या २००८ च्या सोहळ्याच्या आगेमागे नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातून इथल्या झोपडपट्ट्यांत जागच्या जागी पक्की घरं झाली. पत्र्याखालून स्लॅबखाली येणं ही बढतीच होती. आता त्याच स्लॅबखाली कूलर आला आणि कूलरमागे वीजबिल.

ही घरं पाडून नवी बांधा म्हणणारे भेटतात. माझं मत, पाडू नका. आधी स्लॅबची गळती बंद करा, मग वर पांढरा थर द्या: चायना मोझॅक परवडलं तर उत्तम, नाहीतर उन्हाला दाद न देणारा पांढरा रंग, तेही नाही तर चिकटा घालून चुना. चुना स्वस्त, पण धुळीने मळतो, पुन्हा पुन्हा लावावा लागतो. पांढऱ्या छताने घरातलं तापमान दोन ते पाच अंशांनी उतरतं, असं राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण सांगतं. पश्चिमेच्या भिंतीला वेल, मांडव, काहीही आडोसा हवा. ७५ वॅटचा पंखा काढून ३० वॅटचा लावला आणि तो दिवसाला १५ तास फिरला, तर महिन्याला २० युनिट वाचतात. आणि सौर पॅनेल. २०२४ च्या सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटला ६० हजारांचं अनुदान आहे आणि २५० चौरस फुटांच्या छतावर ते बसतं. वीज मिळतेच, शिवाय स्लॅबवर सावली पडते. योजनेच्या जाहिरातीत या सावलीचा उल्लेख मी तरी वाचलेला नाही.

देगलूर, बिलोली ओलांडली की तेलंगण लागतं. त्या राज्याने २०२३ मध्ये थंड छतांचं धोरण आणलं आणि सरकारी घरकुलांनाही ते लागू केलं. आपल्याकडे घरकुल म्हणजे अजूनही नवं घर, नवी कोनशिला, नवा फोटो. जुन्या घरकुलाला चुना लावण्याचं उद्घाटन कोण करणार?

म्हणून गावानेच सुरुवात करावी. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव मांडा, आधी शाळा आणि अंगणवाडीचं छत पांढरं करून घ्या, मग जिल्हा परिषदेकडे घरांसाठी निधी मागा. मार्च उजाडेपर्यंत थांबलात तर गवंडीही मिळणार नाही.