पाण्याची बाटली आणि माउथवॉशची बाटली

मागच्या शनिवारी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर एक बेत शिजला. मुंबई-गोवा क्रूझ! आम्ही सहा जण, सगळे मिहानमध्ये काम करणारे आणि सगळे विदर्भातले. म्हणजे समुद्र काय तो शाळेच्या सहलीत पाहिलेला. पण जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण सुरू झाला, आणि तेव्हापासून मुंबई म्हणजे अगदी वर्ध्याच्या पलीकडचं गाव असल्यासारखं सगळे बोलू लागले आहेत. असो.

तर तिकिटं, सुट्ट्या, गाडी कुणाची, हे सगळं दहा मिनिटांत ठरलं. पुढचा दीड तास चर्चा एकाच विषयावर. दारू जहाजावर न्यायची कशी? कारण बाहेरचं पेय आत नेऊ देत नाहीत, आणि आत बारचे दर म्हणजे आपल्या दुकानातल्या दराच्या कितीतरी पट. एकाने लगेच युक्ती सांगितली. माउथवॉशची बाटली रिकामी करायची, आत व्होडका भरायची, वरून खायचा हिरवा रंग दोन थेंब. दुसरा म्हणाला, त्यापेक्षा पाण्याची सीलबंद बाटली बरी, झाकण पुन्हा कसं चिकटवायचं त्याचा व्हिडिओ आहे. आमचा एक मित्र चंद्रपूरचा. त्याच्या जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती आणि त्याचं सगळं इंजिनिअरिंग त्याच काळात झालं. त्यामुळे या विषयात त्याला आम्ही गुरुस्थानी मानतो. :)

मी म्हटलं, मी नाही आणणार. तुम्हीही आणू नका.

"तू काय कंपनीचा एजंट होऊन राहिला का बे? आपल्या पैशाची वस्तू आपण न्यायची नाही? हक्क आहे आपला!"

हा 'हक्क' शब्द डोक्यात बसला. म्हणून हा लेख.

आधी जहाजाची बाजू. क्रूझच्या तिकिटात खोली असते, जेवण असतं, कार्यक्रम असतात. कंपनी कमावते ती वरच्या खर्चावर, आणि त्यात दारू मोठी. तिकीट त्या हिशोबानेच स्वस्त ठेवलेलं असतं. हे लपवलेलं नाही, बुकिंगच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं (जे आपण न वाचता 'मान्य आहे' म्हणतो, आणि हे मी सॉफ्टवेअरवाला म्हणून छातीठोकपणे सांगू शकतो). शिवाय जगभर यात थोडीफार सूट असतेच. रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवर चढताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला वाइनची ७५० मिलीची एक बाटली नेता येते. कार्निव्हलही वाइनची एक बाटली आणि सोड्याचे १२ कॅन नेऊ देते. म्हणजे सौदा उघड आहे. पटला तर जा, नाही पटला तर रेल्वेने गोव्याला जा. दारू पिणं ही हौस आहे आणि हौसेचा दर लावायचा अधिकार दुकानदाराला आहे. इथे हक्क-बिक्क काही नाही.

पण याच कार्निव्हलने जुलै २०१५ मध्ये काय केलं ते ऐका. तोपर्यंत लोक आपलं बाटलीबंद पाणी घेऊन जहाजावर चढायचे. कंपनीने ते बंद केलं. कारण? आमच्या ग्रुपवर निघाली तीच युक्ती! लोक पाण्याच्या बाटल्यांतून दारू नेत होते आणि बाटल्या तपासण्यात रांगा तुंबत होत्या. म्हणजे व्होडका आणणाऱ्यामुळे पाणी आणणाऱ्याची बाटली गेली. कंपनीने प्रवाशांसाठी स्वस्तात पाण्याचे बॉक्स ठेवले हे खरं, पण आपली बाटली ती आपली बाटली.

माझा सगळा मुद्दा इथेच आहे. माउथवॉशच्या बाटलीचा आणि पाण्याच्या बाटलीचा प्रश्न एक नाही. पण दोन्हीकडचे लोक तो एकच करून टाकतात. माझे मित्र तहानेचं नाव पुढे करून दारू नेतात, आणि कंपन्या दारूचं कारण देऊन पाणी अडवतात.

पाणी अडवणं म्हणजे काय ते मी जहाजावर नाही, इथे नागपुरातच पाहिलं. दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. बाहेर ४५ अंश. आईबाबांना घेऊन एका मल्टिप्लेक्समध्ये दुपारचा शो पाहायला गेलो. बाबांच्या हातात घरची स्टीलची बाटली. रक्तदाबाच्या गोळीमुळे त्यांना सारखं पाणी लागतं. दारावरच्या मुलाने बाटली ठेवून घेतली. बिचारा विशीचा पोरगा, त्याला जे सांगितलं ते तो करत होता. बाबांनी विचारलं, "अरे भाऊ, पाणी आहे रे हे." तो म्हणाला, "काका, आत मिळते ना." आत मिळत होतं. अर्ध्या लिटरची बाटली, बाहेरच्या दुकानात एका लिटरला पडतात त्याच्या तिप्पट पैसे. मी घ्यायला निघालो तर बाबांनी हात धरला. "पाण्याचे इतके पैसे द्यायचे नाहीत." फुकटच्या पाण्याचं विचारलं तर बोट स्वच्छतागृहाच्या कोपऱ्याकडे. तिथे एक मशीन, आणि ग्लास नाही. बाबांनी ओंजळीने दोन घोट घेतले आणि तीन तास तसेच बसले. बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये त्यांना भोवळ आली. सावलीत बसवलं, पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी बरं वाटलं. विशेष काही झालं नाही. पण बँकेत तीस वर्षं नोकरी केलेला माणूस ओंजळीने पाणी पिताना मी पाहिला, आणि खिशात पैसे असूनही मी काही करू शकलो नाही.

ज्या गावात उन्हाळा लागला की चौकाचौकात पाणपोई लागते, लाल कापड गुंडाळलेले माठ मांडून कुणीतरी अनोळखी माणसाला पाणी देतं, त्याच गावात हे.

बरं, कायदा काय म्हणतो? २०१८ चं पावसाळी अधिवेशन नागपुरात झालं होतं. (तेच, ज्यात ६ जुलैला पाऊस इतका पडला की विधानभवनात पाणी शिरून वीज गेली आणि कामकाज तहकूब करावं लागलं.) त्याच अधिवेशनात राज्यमंत्री रवींद्र चव्हाण यांनी विधान परिषदेत सांगितलं की मल्टिप्लेक्समध्ये बाहेरचे पदार्थ नेण्यावर बंदी नाही, अडवलं तर कारवाई करू. आम्ही टाळ्या वाजवल्या. ऑगस्टमध्ये त्याच सरकारने मुंबई उच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं, की यात हस्तक्षेपाची गरज वाटत नाही, बाहेरच्या पदार्थांमुळे सुरक्षेचा प्रश्न येऊ शकतो! महिन्याभरात डब्यातले पोहे सुरक्षेला धोका झाले.

शेवटी ३ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने जम्मू-काश्मीरच्या एका प्रकरणात निकाल दिला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती नरसिंह यांचं खंडपीठ. थिएटर ही खासगी मालमत्ता आहे, बाहेरचं खाणं-पिणं अडवायचा मालकाला अधिकार आहे. मात्र पिण्याचं स्वच्छ पाणी मोफत द्यायलाच हवं, आणि तान्ह्या बाळाचं खाणं आईवडिलांना नेऊ द्यायला हवं. बरेच जण या निकालावर चिडले होते. मला तो पटतो. पॉपकॉर्न एकीकडे, पाणी आणि बाळाचं दूध दुसरीकडे, अशी रेघ त्यात स्पष्ट आहे. आपण भांडायचं ते या रेघेवर. समोशासाठी नाही.

आता नेहमीचा युक्तिवाद येईल: "परवडत नसेल तर जाऊ नका." हा दारूला लागू आहे, पाण्याला नाही. बाहेरच्या टपरीवर चहा महाग वाटला तर मी पुढच्या टपरीवर जातो. थिएटरात शो सुरू झाला की पुढची टपरी नाही. आणि जहाज? जहाजातून तर उतरताही येत नाही. दार जितकं घट्ट लावाल, तितकी आतल्या माणसाच्या तहानेची जबाबदारी तुमची. आणि क्रूझला हे जड नाही. मोठी जहाजं समुद्राच्याच पाण्यापासून पिण्याचं पाणी तयार करतात, जेवणाच्या हॉलमध्ये ते फुकट देतातही. त्या बाबतीत जहाजं आपल्या मल्टिप्लेक्सपेक्षा बरी म्हणायची. प्रश्न उरतो तो केबिनमध्ये ठेवलेल्या सीलबंद बाटलीचा, जी फोडली की बिलात चढते.

मागणी साधी आहे. रिकामी बाटली आत नेऊ द्या. ती भरायची जागा दिसेल अशी ठेवा, शेजारी ग्लास ठेवा, संडासाच्या कोपऱ्यात नको. औषध, ओआरएस, बाळाचं दूध यांवर वाद घालू नका. आणि आत काय केवढ्याला आहे ते तिकीट काढतानाच सांगा. स्क्रीनवर एक ओळ वाढवायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे, उगाच सांगू नका.

आणि आपण? आपण ती हिरवी व्होडका घरी ठेवायची. ती पकडली गेली की उद्या दारावरचा पोरगा प्रत्येक बाटलीकडे संशयाने पाहणार, आणि त्यात कुणाच्यातरी बाबांची स्टीलची बाटली जाणार. दोन पेग स्वस्तात पडले म्हणून हा खर्च दुसऱ्याच्या माथी मारायचा, आणि वर त्याला हक्क म्हणायचं?

हे सगळं मी ग्रुपवरही लिहिलं. चंद्रपूरच्या गुरुजींनी फक्त एक अंगठा टाकला. तो होकार की टोमणा, ते अजून कळलेलं नाही. मी मात्र रिकामी स्टीलची बाटली घेऊन जाणार आहे. बाबांचीच. त्या दिवशी शो संपल्यावर काउंटरवरून मीच ती परत आणली होती. पाणी तेव्हाही तिच्यात काठोकाठ होतं.