कबरीवरचे आडनाव आणि रक्ताचे नाते

आपल्या पूर्वजांचा शोध घ्यावा ही इच्छा चांगलीच आहे. आमचा आक्षेप आहे तो हा शोध जेथे आणि ज्या रीतीने घेतला जातो त्याला. वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कनांच्या पडक्या चर्चमध्ये पोर्तुगीज थडग्यांच्या शिळा जमिनीत बसवलेल्या आहेत. आपले समाजबांधव सुट्टीच्या दिवशी तेथे जातात, वाळका पाचोळा बाजूला सारतात आणि एखाद्या शिळेवर आपलेच आडनाव कोरलेले दिसले की हरखून जातात. घरी परतेपर्यंत शिळेखालचा तो गृहस्थ खापरपणजोबा झालेला असतो. पुढच्या लग्नात ही कथा पाहुण्यांना ऐकवली जाते आणि बघता बघता तिला घराण्याच्या इतिहासाचे रूप येते. याला इतिहास म्हणता येणार नाही, हे कोणीतरी स्पष्टपणे सांगायला हवे.

त्या शिळांवरचा मजकूर ठरावीक साच्याचा असतो. 'आकी जाज', म्हणजे 'येथे विसावला आहे', अशी सुरुवात. नाहीतर 'ही कबर अमक्याची व त्याच्या वारसांची'. हा 'वारस' शब्दच आपल्याला मोहात पाडतो. परंतु ते वारस कोण? 1534 साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि 1739 साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. दगडावर नाव कोरवून चर्चच्या जमिनीखाली जागा मिळवण्याची ऐपत आणि मान ज्यांना होता, ती घराणी पोर्तुगीज सत्तेबरोबर आली आणि सत्तेबरोबरच गेली. मागे राहिले ते आपले पूर्वज. शेतात, वाडीत, पानवेलींच्या मळ्यात राबणारे. आडनावे त्यांना बाप्तिस्म्याच्या वेळी मिळाली. कोणाला धर्मपित्याचे, कोणाला स्नान देणाऱ्या धर्मगुरूचे. त्यामुळे आडनाव एक म्हणून रक्त एक, असे ठरत नाही. किल्ल्यातील शिळांचा अभ्यास अवश्य व्हावा. डॉ. जुझे जेर्सन दा कुन्हा यांनी चौल आणि वसईच्या प्राचीन अवशेषांवरील आपल्या 1876 सालच्या ग्रंथात तेथील लेख वाचून छापले, ही मोठीच कामगिरी होय. मात्र वसईचा इतिहास म्हणून जे वाचायचे, ते आपल्या वंशवृक्षाला ओढूनताणून बांधू नये.

मग आपली माणसे कोठे निजली आहेत? आपापल्या धर्मग्रामाच्या दफनभूमीत, आणि बहुतेक दगडाविना. गरिबाच्या उशाशी लाकडी क्रूस असे; चार पावसाळे आणि वाळवी यांपुढे तो किती टिकणार? शिवाय जागा थोडी आणि माणसे फार. ठरावीक वर्षांनी कबर पुन्हा उघडायची, अस्थी कोनाड्यात किंवा सामाईक खड्ड्यात ठेवायच्या आणि त्याच मातीत पुढच्या देहाला जागा करून द्यायची, ही रीत गरजेपोटी आली आहे. तिला आमचा विरोध नाही. पण कबर उघडताना बाजूला काढलेली शिळा पुढे कोठे जाते? ती कुंपणाला टेकून उभी राहते, तिच्यावर शेवाळ चढते, आणि चर्चच्या जीर्णोद्धाराच्या उत्साहात एखाद्या दिवशी ती पायरीचा दगडही होऊ शकते. शेकडो वर्षांपूर्वीच्या परक्या शिळेसाठी किल्ल्यात उन्हातान्हात हिंडणारे आपण, आपल्याच आजीच्या शिळेची चौकशी करीत नाही!

खरा शोध आजीच्याच शिळेपासून सुरू होतो. शिळेवरचे मृत्यूचे वर्ष आणि वय यांवरून जन्माचे वर्ष काढावे. (वय पुष्कळदा अंदाजी असते, तेव्हा दोन-चार वर्षे मागेपुढे पाहावे.) तेथून बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत जावे. त्या नोंदीत आईवडिलांबरोबरच धर्ममातापित्यांचीही नावे सापडतात, आणि धर्ममातापिता पुष्कळदा नात्यातलेच असतात. मग विवाहाची नोंदवही पाहावी, की एक पिढी मागे जाता येते. विवाहाची नोंद ठेवण्याचा दंडक ट्रेंटच्या परिषदेने 1563 साली घालून दिला. 1614 च्या रोमन विधिग्रंथाने मृतांच्याही वहीचा नमुना दिला. आजचा 1983 चा धर्मसभेचा कायदाही दफनानंतर मृतांच्या नोंदवहीत नोंद करण्यास आणि जुन्या वह्या काळजीपूर्वक जतन करण्यास सांगतो. मात्र वहीलाही कसर लागते, शाई उडते, पाने गळतात. अशा वेळी शिळा हीच दुसरी साक्ष. दोन्ही साक्षी ताडून पाहिल्यावाचून वंशावळ लिहू नये.

पण साक्ष देण्याजोग्या शिळा आपण घडवतो तरी का? प्रार्थना मराठीत, मिस्सा मराठीत, आणि काळ्या ग्रॅनाइटवर मात्र 'इन लव्हिंग मेमरी'! खाली एक नाव, दोन तारखा. ज्या गावात आजोबांचे नाव नातवाला ठेवतात आणि अर्ध्या आळीचे आडनाव एकच असते, तेथे तिसरा पास्कोल कोणाचा मुलगा हे पन्नास वर्षांनी कोण सांगणार? घराचे नाव नाही, गावाचे नाव नाही, बापाचे नाव नाही. स्त्रियांच्या बाबतीत तर अन्यायच आहे. तिचे माहेर शिळेवरून पुसले की तिची आई, तिचा बाप, तिचा सारा गोतावळा आपल्या वंशावळीतून नाहीसा होतो. त्या काळच्या पोर्तुगीज स्त्रिया लग्नानंतरही बहुधा आपले माहेरचे नाव राखत. तेवढ्यापुरते त्या परक्यांकडून शिकण्याजोगे आहे.

परमेश्वर आपल्या माणसांना ओळखतो, मग नावांची एवढी यातायात कशाला, असे काही भाविक विचारतात. त्यांनी संत मत्तयकृत शुभवर्तमान उघडून पाहावे. ते वंशावळीनेच सुरू होते, आणि तीत मरियेखेरीज तामार, राहाब, रूथ आणि उरियाची पत्नी या चार स्त्रियांना स्थान आहे.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आपण कबरी झाडून फुले आणि मेणबत्त्या लावतो. त्या आधीच्या साफसफाईत तारेचा ब्रश आणि अॅसिड घेऊन संगमरवरावर तुटून पडणाऱ्यांना आमची कळकळीची विनंती आहे: थांबा. अॅसिडने डाग जातो आणि त्याच्याबरोबर अक्षरही जाते. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरे. झिजलेले अक्षर सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात आपोआप उठून दिसते. त्यावर खडू घासण्याची गरज नाही. मजकूर उतरवताना ओळीला ओळ ठेवावी, चूक दिसली तरी सुधारू नये. छायाचित्र घ्यावे आणि कबर कोणत्या रांगेत आहे तेही लिहून ठेवावे. प्रत्येक धर्मग्रामातील युवक मंडळाने एकेक रांग वाटून घेतली तर हे काम दोन-तीन रविवारांत उरकेल.

धर्मग्राम समित्यांकडे आमची मागणी याहूनही लहान आहे. कबर उघडण्यापूर्वी तिच्यावरील लेखाची नक्कल कार्यालयात आल्याखेरीज खोदकामाला परवानगी देऊ नये. आणि नव्या शिळेचा मजकूर मंजुरीसाठी येईल तेव्हा त्यात वडिलांचे नाव, घराचे नाव आणि स्त्री असल्यास तिचे माहेर आहे की नाही, एवढे पाहावे. त्यासाठी छापील अर्जात तीन रकाने वाढवले म्हणजे झाले.