अण्णांच्या दुकानाचे मोल
अण्णा गेल्यावर किराणा दुकानाच्या वाटणीला बसलो, तेव्हा तीन भावंडांच्या तीन किमती निघाल्या. वीस वर्षे गल्ल्यावर बसलेला धाकटा माल मोजत होता. मी जागेचा भाव धरला. ताईने विचारले, ‘आणि अण्णांच्या नावाचे काय?’

प्रश्न रास्तच होता. मृत्युपत्र नसेल, तर वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीचा वाटा मुलाइतकाच. नावलौकिकाचीही किंमत काढता येते : सरासरी नफ्यातून राबणाऱ्याचा पगार वजा करायचा, उरेल त्याला दोन-तीन वर्षांनी गुणायचे. हे अण्णांसमोर झाले असते, तर ताई आजही राखीला आली असती. तुमच्या घरी दुकान असेल, तर यंदा वहीपूजनानंतर वडिलांजवळ बसून हा हिशेब मांडाच.