चाकांवरचं घर घाटात



घराला चाकं लावली तर? परवा चौथीच्या वर्गात मी हा प्रश्न टाकला आणि एकच गलका झाला. "बाई, मग शाळा बुडेल!" हे पहिलं उत्तर. (ते सगळ्यांनाच फार आवडलं.)

अमेरिकेत अशी घरं खरोखरच धावतात. त्यांना 'आर.व्ही.' म्हणतात. बसएवढ्या गाडीत पलंग, शेगडी, फ्रीज, अगदी न्हाणीघरसुद्धा! तुमचा पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे, कारण वर्गातही तो आलाच: संडासातलं जातं कुठे? रस्त्यावर नाही हं! गाडीच्या पोटात टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, एक सांडपाण्याची आणि एक संडासाची. ठरलेल्या जागी जाड नळी जोडून त्या रिकाम्या करायच्या. हे काम कुणी हौसेने करत नाही, पण सुटका नाही.

हे घर घेऊन आपण वायोमिंग राज्यात जाऊ. तिथे टेटन पास नावाचा घाट आहे. उंची सुमारे २५७० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून नऊशे मीटर जास्तच. उतार असा, की काही ठिकाणी शंभर मीटर पुढे गेलात की दहा मीटर खाली! चढताना इंजिन धापा टाकतं, पण खरी परीक्षा उतरताना. कित्येक टनांचं घर मागून ढकलत असतं. ड्रायव्हर सारखा ब्रेक दाबून बसला, तर घासून घासून ब्रेक इतके तापतात की पकडच सुटते. मग पाय तळाला आणि गाडी सुसाट!

म्हणून उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकायचा. मग इंजिनच गाडीला आवरून धरतं, ब्रेक फक्त अधूनमधून. आपल्या एस.टी.चे ड्रायव्हरकाकाही घाटात हेच करतात. पुढच्या वेळी इंजिनाचा बदललेला आवाज कान देऊन ऐका.

आणि ब्रेक गेलेच तर? तिकडच्या बऱ्याच घाटांत रस्त्यालगत जाड खडीचा फाटा काढून ठेवलेला असतो. गाडी त्यात घातली की चाकं रुततात. गाडी खिळखिळी होते, माणसं वाचतात.

घाट उतरून उत्तरेला गेलं की यलोस्टोन लागतं. १८७२ साली झालेलं जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान! इथे बायसनचा कळप रस्त्यात उभा राहिला, तर सगळी फिरती घरं गुपचूप थांबतात. हॉर्न वाजवून उपयोग नाही, आणि खाली उतरून फोटो काढायला जवळ तर मुळीच जायचं नाही.

याच उद्यानात क्रेग पास नावाच्या खिंडीत 'आयसा' नावाचं चिमुकलं तळं आहे. त्याचं पाणी दोन्ही बाजूंनी वाहतं. गंमत म्हणजे पूर्वेकडून निघालेलं पाणी वळसा घेत पश्चिमेच्या पॅसिफिक महासागराला मिळतं, आणि पश्चिमेकडून निघालेलं मेक्सिकोच्या आखाताला! ॲटलास उघडा. स्नेक, कोलंबिया, मॅडिसन, मिसुरी, मिसिसिपी या नद्या शोधा. कुठली कुठल्या बाजूची, ते बोट फिरवून बघा बरं.