संप फोडणारे बोट आपले नसावे

तंजावूर : वृत्तपत्रातला संप पूर्वी डोळ्यांना दिसत असे. यंत्र थांबले की सकाळी अंक येत नसे, आणि मद्रासमध्ये काहीतरी बिनसले आहे हे चहाच्या दुकानातल्या बाकावर बसलेल्या माणसालाही कळे. वाचकाला स्वतः काही ठरवावे लागत नसे. आज पत्रकार संपावर गेले तरी वेबसाइट थांबत नाही. वृत्तसंस्थांचा मजकूर येत राहतो, जुने लेख नव्या मथळ्यांनी वर येतात, व्यवस्थापनाच्या मर्जीतली चार माणसे आणि आता तर मजकूर जुळवणारी संगणकीय यंत्रेही पान भरून काढतात. मालकाला एवढेच हवे असते की, वाचकाने पान उघडावे आणि जाहिरात मोजली जावी. संपाचा निकाल यंत्रापाशी लागत असे. तो आता वाचकाच्या बोटापाशी आला आहे.

म्हणून आमचे स्पष्ट म्हणणे आहे : संपकरी पत्रकारांच्या संघटनेने हाक दिली, तर संघटित कामगाराने त्या वृत्तपत्राची वेबसाइट उघडता कामा नये.

कावेरीच्या या खोऱ्यात संपफोड्या म्हणजे काय हे कोणाला शिकवावे लागत नाही. कापणीच्या दिवसांत मजुरांनी भाताचे माप वाढवून मागितले की जमीनदार बाहेरून मजूर आणत. त्या वेळच्या तंजावूर जिल्ह्यातल्या कीळवेणमणी गावी 25 डिसेंबर 1968 रोजी 44 दलित माणसे, त्यांत बहुतेक बायका आणि मुले, जिवंत जाळली गेली. त्या वादामागेही मजुरीची मागणी आणि बाहेरून आणलेले मजूर हेच होते. शेतावर आणलेला परका मजूर निदान दिसत तरी असे. त्याच्याशी बोलता येत असे, त्याला परत पाठवता येत असे. वेबसाइटवरचा संपफोड्या दिसत नाही. आणि तो पगारी असायलाच हवा असेही नाही. सकाळी सवयीने बातमी उघडणारा आपलाच साथी नकळत ते काम फुकटात करून जातो.

नवा कायदाही मालकाच्याच सोयीचा आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेनुसार आता कोणत्याही आस्थापनेत 14 दिवसांची नोटीस दिल्याशिवाय संप करता येत नाही, आणि निम्म्या कामगारांनी मिळून किरकोळ रजा टाकली तरी तो संपच धरला जातो. चौदा दिवसांत वेबसाइटवाला महिनाभराचा मजकूर साठवून ठेवू शकतो! 1955 चा श्रमिक पत्रकार कायदाही याच संहितांनी गिळला. डिजिटल माध्यमातला पत्रकार व्याख्येत आला, हे खरे. पण वेतन मंडळ गेले. ते असतानाही काय होत होते? पहिल्या वेतन मंडळाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1958 साली रद्द केला. मजिठिया मंडळाच्या शिफारशी 2011 साली अधिसूचित झाल्या, 2014 साली न्यायालयाने त्या कायम केल्या, आणि तरीही अंमलबजावणीसाठी अवमानाच्या याचिका लढवाव्या लागल्या. त्यांचा निकाल यायला 2017 उजाडले.

अमेरिकेतल्या कामगारांनी हे हत्यार वापरून पाहिले आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या 1,100 हून अधिक कर्मचाऱ्यांनी 8 डिसेंबर 2022 रोजी एक दिवसाचा संप केला, तेव्हा त्या दिवशी वेबसाइट उघडू नका असे त्यांनी वाचकांना सांगितले. नोव्हेंबर 2024 मध्ये त्याच संस्थेतले तंत्रज्ञ संपावर गेले. त्यांनी फक्त शब्दकोड्यांसारखे खेळ आणि पाककृतींचे अ‍ॅप यांवर बहिष्कार मागितला. कुठे चिमटा काढायचा हे संपकऱ्यालाच कळते. आपण आपल्या अकलेने बहिष्कार लांबवू नये की आखडू नये.

‘पिट्सबर्ग पोस्ट-गॅझेट’चा संप ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाला आणि तीन वर्षे चालला. नोव्हेंबर 2025 मध्ये अपील न्यायालयाने मालकाला दोषी धरले, आणि जानेवारी 2026 मध्ये मालकाने वृत्तपत्रच बंद करण्याची घोषणा केली. ‘बघा, संपाने काय मिळवले!’ असे म्हणणारे लगेच पुढे येतील. त्यांनी मद्रासचे 1959 साल आठवावे. त्या एप्रिलमध्ये एक्स्प्रेस समूहात संप होताच मालकांनी मद्रासमधले प्रकाशन गुंडाळले, ‘आंध्रप्रभा’ विजयवाड्याला हलवले, आणि ही टाळेबंदी की कायमची बंदी हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेव्हा कोणी वेबसाइटवर बहिष्कार घातला नव्हता. कुलूप लावण्याची धमकी बहिष्कारापेक्षा फार जुनी आहे.

दुसरा आक्षेप आमच्यातलेच काही सुशिक्षित घेतात : बातमीवर बहिष्कार म्हणजे जनतेच्या माहितीच्या हक्कावर घाला. ज्या गावात सरफोजी राजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी देवनागरी छापखाना चालवला, त्या गावातले आम्ही. छापील अक्षराचे प्रेम आम्हांला कोणी शिकवू नये. पिट्सबर्गच्या संपकऱ्यांनी संपाच्या काळात ‘पिट्सबर्ग युनियन प्रोग्रेस’ हे स्वतःचे पत्र इंटरनेटवर चालवले. बातमी तिथे होती, ती लिहिणारी माणसेही तिथेच होती. जिल्ह्याजिल्ह्यांतून नेमणूकपत्राशिवाय, बातमीमागे चार पैसे घेऊन लिहिणारा बातमीदार उद्या पोटासाठी हे काम सोडून गेला, तर माहितीचा हक्क कोण सांभाळणार? मालकाचे यंत्र?

नावडत्या बातमीसाठी पत्रकारांवर घातलेला बहिष्कार आणि हा बहिष्कार यांची गल्लत कोणी करू नये. पहिला पत्रकाराचे तोंड बंद करण्यासाठी असतो. दुसरा त्याच्या सांगण्यावरून, त्याच्या बाजूने असतो.

शाखांनी एवढे करावे. हाक आली की त्या वृत्तपत्राचे अ‍ॅप मोबाइलमधून काढावे. त्याच्या बातम्यांचे दुवे युनियनच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर टाकू नयेत, शिव्या देण्यासाठीसुद्धा नाही; शिवी देणाऱ्याची भेटही मोजली जाते. संपकऱ्यांनी स्वतःचे पत्र काढले तर ते वाचावे आणि त्याला वर्गणी पाठवावी. मालकाची वर्गणी थांबवायला संघटनेने सांगितले तर थांबवताना कारण लेखी कळवावे, नाहीतर तो ती बाजारातल्या मंदीच्या खात्यावर मांडून मोकळा होतो.