कांतीची झिलई

लग्नसराई जवळ येऊं लागली म्हणजे उपवर कन्येच्या घरीं दागदागिन्यांच्या जोडीला चेहऱ्याच्या कांतीचीही चर्चा सुरू होते. पूर्वीं ही चर्चा हळद, मसुरीचें पीठ व दुधाची साय यांवर संपत असे. आतां ती ‘मायक्रोडर्माब्रेजन’ नांवाच्या यांत्रिक उपचारापर्यंत जाऊन पोहोंचते. त्यापासून काय मिळतें व काय मिळत नाहीं, हें पैसे मोजण्यापूर्वींच समजून घेणें हिताचें; म्हणून आज त्याविषयीं चार शब्द.

मूळ कल्पना आपणांस अपरिचित नाहीं. सुश्रुतसंहितेंत उद्वर्तन व उद्घर्षण, म्हणजे चूर्णांनीं अंग चोळणें व घासणें, यांचे गुण सांगितले आहेत. नरकचतुर्दशीचें उटणें त्याच परंपरेंतलें. पाश्चात्त्य देशांत क्रोमायर या जर्मन त्वचावैद्यानें १९०५ सालीं फिरत्या हत्यारानें त्वचा खरवडण्याची पद्धति मांडली; ती मात्र खोल जाणारी व रक्त काढणारी होती. त्या मानानें सौम्य असें हें नवें यंत्र १९८५ च्या सुमारास इटलींत निघालें. त्याच्या नळींतून अॅल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण चेहऱ्यावर सोडतात, आणि झडलेल्या त्वचेसह ते कण यंत्रच परत शोषून घेतें. कांहीं यंत्रांत कणांऐवजीं हिऱ्याची कणी बसविलेलें टोक असतें. भूल द्यावी लागत नाहीं, आणि साधारण अर्ध्या तासांत काम आटोपतें.

आतां मर्म पाहूं. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा, कागदाहूनही पातळ असा असतो. यंत्र घासतें तें मुख्यतः यालाच. त्यामुळें चेहरा हातास मऊ लागतो, मंदावलेलें तेज परत येतें, रंध्रांत साचलेला मळ निघतो, आणि अगदीं बारीक सुरकुत्या कांहीं काळ कमी दिसतात. इतका लाभ खरा. परंतु बाह्यत्वचा साधारणपणें चार आठवड्यांनीं नवी होत असते. म्हणून एका बैठकीचा गुण फार दिवस टिकत नाहीं, आणि पुनःपुन्हां जावें लागतें.

पितळेचा तांब्या चिंचेनें घासला म्हणजे लखलखतो. पण त्याचा पोचा निघत नाहीं, आणि तो चांदीचाही होत नाहीं. मुरुमांचे खोल खड्डे अंतस्त्वचेंत असतात. तेथवर हें यंत्र पोहोंचत नाहीं. वर्ण निर्माण करणाऱ्या पेशी बाह्यत्वचेच्या तळाशीं वसतात. त्यांचें काम वरून घासल्यानें थांबत नाहीं. वांग, ज्यास संस्कृतांत ‘व्यंग’ म्हणतात, त्याचा संबंध ऊन, गर्भारपण, आनुवंशिकता अशा कारणांशीं असतो. तो केवळ घासून जात नाहीं.

येथें आपल्या लोकांनीं विशेष जपावें. सांवळ्या व गव्हाळ त्वचेला जोरानें घासलें, तर ती कधीं कधीं अधिक काळे डाग धरते, आणि ते जाण्यास महिने लागतात. म्हणजे जें घालविण्यासाठीं गेलों, तेंच घेऊन परतण्याचा प्रसंग! यास्तव लग्न आठ दिवसांवर आलें असतां हा प्रयोग प्रथमच करूं नये. पिकलेल्या पुटकुळ्या, ओठांवर हर्पीजचे फोड, किंवा जखमेचा व्रण फुगून वाढण्याची प्रवृत्ति असेल तर हा उपचार टाळावा. मुरुमांसाठीं आयसोट्रेटिनॉइन हें औषध चालूं असेल किंवा नुकतेंच थांबविलें असेल, तर तें त्वचारोगतज्ज्ञास आधीं सांगावें. उपचारादरम्यान डोळे झांकलेले असावेत. नंतर उन्हापासून जपावें, आणि ऊनरोधक मलम नित्य लावावें.

शेवटीं वडीलधाऱ्यांस एक विनंति. स्थळांच्या जाहिरातींतून ‘गोरी’ हा शब्द अद्यापि हटलेला नाहीं, हें आपण सर्व जाणतों. मुलीस स्वतःस हौस असेल, तर तिनें तज्ज्ञास विचारून हा उपचार खुशाल घ्यावा. परंतु ‘तुझा रंग कमी पडतो’ असें म्हणून तिला तेथें धाडूं नये. यंत्र चार आठवड्यांची झिलई देईल. पण घरच्यांच्या तोंडचें तें वाक्य मुलगी जन्मभर विसरत नाहीं.